अमेरिकेच्या टपालसेवेचे कर्ज ट्रेझरी नेमके कसे पुरवते?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या टपालसेवेच्या डोक्यावर १५ अब्ज डॉलरचे कर्ज आहे आणि ते सगळे सरकारच्याच तिजोरीतून आलेले आहे. मग हे खरे कर्ज म्हणायचे की कर्जाच्या नावाने दिलेले अनुदान? पैसा कुठून येतो, व्याज किती लागते, आणि टपालसेवेने फेडलेच नाही तर काय?

आधी थोडक्यात उत्तर. कर्ज खरे आहे. त्यावर व्याज लागते आणि ते भरावे लागते. पैसा देते ती ट्रेझरीच्याच, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याच्याच, छत्राखाली चालणारी फेडरल फायनान्सिंग बँक. ट्रेझरीला स्वतःला त्या मुदतीसाठी जो दर पडतो, त्यावर एक अष्टमांश टक्का, म्हणजे साडेबारा बेसिस पॉइंट, असा तिचा दर. एकूण कर्जाची कमाल मर्यादा १५ अब्ज डॉलर आणि एका आर्थिक वर्षातली निव्वळ वाढ जास्तीत जास्त ३ अब्ज. हे दोन्ही आकडे कायद्यात लिहिलेले आहेत. ते ट्रेझरीच्या मंत्र्यालाही हलवता येत नाहीत आणि टपालसेवेचा प्रमुख असलेल्या पोस्टमास्टर जनरललाही नाहीत. या व्यवहाराचा सगळा जीव त्या दोन आकड्यांत आहे. व्याजदर त्यापुढे गौण. पुढचे सगळे विवेचन याच मुद्द्याभोवती फिरेल.

१९७१ पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. पोस्ट ऑफिस डिपार्टमेंट हे मंत्रिमंडळातले एक खाते होते. तूट आली की काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, अंदाजपत्रकातून तरतूद करायची आणि विषय संपायचा. १२ ऑगस्ट १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पोस्टल रीऑर्गनायझेशन अ‍ॅक्टवर सही केली आणि १ जुलै १९७१ पासून आजची पोस्टल सर्व्हिस कामाला लागली. सरकारचाच भाग, पण टपालदरातून स्वतःचा खर्च स्वतः भागवणारा. सुरुवातीला सार्वजनिक सेवेपोटी मिळणारी तरतूद टप्प्याटप्प्याने कमी होत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. आता अंधांसाठीचे मोफत टपाल आणि परदेशस्थ मतदारांचे टपाल एवढ्यापुरतीच किरकोळ भरपाई उरली आहे.

स्वतःच्या पायावर उभे राहायचे तर हातात कर्ज काढण्याचा अधिकारही हवा. संघीय कायद्याच्या ३९ व्या टायटलमधली (विभागातली) तीन कलमे त्यासाठी आहेत आणि ती एकत्रच वाचावीत. कलम २००३ ने ट्रेझरीत पोस्टल सर्व्हिस फंड नावाचे खाते उघडले. टपाल तिकिटांपासून पार्सलपर्यंतचे बहुतेक उत्पन्न तिथे जमा होते आणि खर्च तिथूनच होतो. कलम २००५ कर्ज काढण्याचा अधिकार देते आणि मर्यादा घालते. कलम २००६ ट्रेझरीशी असलेले नाते ठरवते, आणि ते फार विचारपूर्वक लिहिलेले आहे.

कलम २००६ प्रमाणे टपालसेवेला रोखे विकायचे असतील तर विक्रीच्या किमान १५ दिवस आधी ट्रेझरीला कळवावे लागते: रक्कम किती, विक्री केव्हा, मुदत काय, अटी काय, व्याजाचा दर जास्तीत जास्त कुठवर जाईल. ते रोखे स्वतः विकत घेण्याचा पहिला हक्क ट्रेझरीचा. मात्र ट्रेझरीला फुकटात मेहेरबानी करता येत नाही: तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवर बाजारात जो परतावा चालू आहे, त्यापेक्षा कमी दराने तिने पैसे देऊ नयेत असे कायदाच सांगतो. ट्रेझरीने नको म्हटले तर टपालसेवा बाजारात जायला मोकळी. याउलट टपालसेवेच्याही हातात एक पत्ता आहे. ट्रेझरीची इच्छा असो वा नसो, एका वेळी २ अब्ज डॉलरपर्यंतचे रोखे घ्यायला ती ट्रेझरीला भाग पाडू शकते. १५ अब्जांपुढे हे २ अब्ज किरकोळ वाटतात, पण वाटाघाटी अडल्या तर एवढी रक्कम पगार थांबू देत नाही, हे त्यांचे मोल. तिसरी तरतूद हमीची: टपालसेवा ट्रेझरीकडे सरकारची पूर्ण हमी मागू शकते, आणि ट्रेझरीच्या मंत्र्याला ते सार्वजनिक हिताचे वाटले तरच ती मिळते. तशी हमी मिळाली नसेल तर टपालसेवेचे रोखे ही सरकारची देणी ठरत नाहीत. लोक इथे हमखास चुकतात. संस्था सरकारी म्हणून तिचे प्रत्येक कर्ज सरकारी हमीचे, असे गृहीत धरू नये.

सुरुवातीला टपालसेवा खरोखरच बाजारात गेली होती. १९७२ मध्ये तिने २५ कोटी डॉलरचे, २५ वर्षे मुदतीचे रोखे विकले. त्या काळात अशा अनेक संघीय संस्था आपापले रोखे घेऊन बाजारात उतरत होत्या. प्रत्येकीचा कागद वेगळा, अटी वेगळ्या, खरेदीदार मोजके. परिणामी मागे उभे सरकार तेच असूनही ट्रेझरीपेक्षा जास्त दर मोजावा लागे, वर दलालांचा खर्च, आणि एकाच आठवड्यात दोन-तीन संस्था रांगेत आल्या की एकमेकींचेच भाव पाडायच्या. यावर उपाय म्हणून डिसेंबर १९७३ मध्ये फेडरल फायनान्सिंग बँकेचा कायदा झाला. नाव बँक असले तरी तिला शाखा नाहीत, ठेवीदार नाहीत. ट्रेझरीतले एक टेबल म्हणा हवे तर, फक्त कायदेशीर अस्तित्व स्वतंत्र. तिच्या मंडळाच्या अध्यक्षपदी ट्रेझरीचा मंत्रीच असतो. १९७४ मध्ये तिने एकदा स्वतःचे रोखे बाजारात विकून पाहिले. पुढे मात्र लागेल तेवढा पैसा ती थेट ट्रेझरीकडूनच घेऊ लागली, कारण त्याहून स्वस्त पैसा कुठेच मिळत नव्हता. टपालसेवेला आज कायद्याने बाजार खुला असूनही ती तिकडे का फिरकत नाही, याचे उत्तर यातच आहे.

आता एक उचल जवळून पाहू.

टपालसेवेचा फेडरल फायनान्सिंग बँकेशी एक मुख्य करार असतो. रोखे खरेदीचा करार म्हणतात त्याला. तो मुदतीचा असतो आणि नव्याने करावा लागतो. त्याखाली गेली अनेक वर्षे दोन फिरत्या पतमर्यादा चालत आल्या आहेत. पहिली ३.४ अब्ज डॉलरची: दोन दिवस आधी सूचना द्यायची आणि सहसा एका रात्रीपुरता पैसा उचलायचा. दुसरी ६० कोटी डॉलरची: सकाळी मागणी, त्याच दिवशी पैसे. मराठी वाचकाला कॅश क्रेडिट खाते डोळ्यांपुढे आणले तर हे लगेच समजेल. वापराल तेवढ्याच दिवसांचे व्याज. या दोन मर्यादांखेरीज ठरावीक मुदतीची, स्थिर किंवा बदलत्या दराची कर्जेही त्याच कराराखाली काढता येतात.

समजा, उद्या-परवा पगार आहे आणि रोकड विभागाच्या अंदाजाप्रमाणे खात्यात ३ अब्ज डॉलर कमी पडणार आहेत. टपालसेवेत पगार दर दोन आठवड्यांनी होतो, त्यामुळे हा खड्डा ठरलेल्या तारखांना येतो. मागणीपत्र जाते: रक्कम, उचलीची तारीख, परतीची तारीख. ठरलेल्या दिवशी बँक तेवढीच रक्कम ट्रेझरीकडून घेते आणि टपालसेवेला देते. पोस्टल सर्व्हिस फंड ट्रेझरीतच असल्यामुळे हे सगळे एकाच वहीतल्या दोन पानांवर घडते. एका पानावर नावे, दुसऱ्यावर जमा. त्या क्षणी अमेरिकी सरकारच्या बाहेर एक डॉलरही गेलेला नसतो. पगाराची रक्कम कर्मचाऱ्यांच्या बँक खात्यात पडते तेव्हा कुठे पैसा खऱ्या अर्थाने सरकारबाहेर जातो, आणि तेव्हाच ट्रेझरीला त्यापोटी बाजारातून उसने घ्यावे लागते.

व्याजाचा हिशेब उदाहरणादाखल मांडतो. ट्रेझरीचा दर ४ टक्के धरला तर टपालसेवेला पडेल ४.१२५ टक्के. ३ अब्जांवर एका रात्रीचे व्याज, ३६५ दिवसांच्या हिशेबाने, ३ लाख ३९ हजार ४१ डॉलर. त्यातला एक अष्टमांश टक्क्याचा वाटा अवघा १० हजार २७४ डॉलर. पूर्ण १५ अब्ज वर्षभर वापरले तरी हा अष्टमांश होतो १ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलर. वर्षाला कित्येक अब्जांची उलाढाल असलेल्या संस्थेला ही रक्कम नगण्य आहे. त्यामुळे 'ट्रेझरी टपालसेवेकडून व्याज उकळते' ही तक्रार टिकत नाही. उलट बाजूने, सरकारशिवाय दुसऱ्या कोणीही एवढ्या तुटीतल्या संस्थेला या दराने पैसे दिले नसते, हेही मान्य करायला हवे. अनुदानाचा अंश शोधायचाच असेल तर तो इथे आहे: धोक्याची किंमत लावलेली नाही, यात.

प्रत्यक्षात चुकते ते दरात नव्हे, अंदाजात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पार्सलांचा हंगाम असतो, तेव्हा पैसा भरभरून येतो. उन्हाळ्यात ओढ लागते. ऑक्टोबरच्या मध्यावर कामगार नुकसानभरपाईपोटी लेबर डिपार्टमेंटला वर्षाचा एकरकमी हप्ता जातो आणि तो अब्जाहून मोठा असतो. आर्थिक वर्ष संपते ३० सप्टेंबरला, आणि निवृत्तिवेतनाची (आणि २०२२ च्या कायद्यापर्यंत निवृत्तांच्या आरोग्यनिधीचीही) मोठी वार्षिक देणी नेमकी त्याच तारखेला येऊन धडकतात. दोन दिवसांची सूचना चुकली तर हाताशी फक्त ६० कोटींची त्याच दिवशीची मर्यादा राहते. म्हणून रोकड सांभाळणारे लोक सूचना थोडी वाढवून देतात आणि जास्तीची रक्कम दुसऱ्या दिवशी परत करतात. जास्तीचा पैसा रात्रभर ट्रेझरीच्याच रोख्यांत ठेवता येतो. त्यामुळे जास्त उचलण्याचा निव्वळ खर्च साधारण तो अष्टमांश एवढाच. कमी पडण्याचा खर्च मात्र न झालेला पगार. कोणती चूक परवडते ते उघड आहे.

आता मर्यादांकडे येतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

मूळ कायद्यात एकूण मर्यादा १० अब्ज डॉलर होती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती दोन पायऱ्यांत वाढली, आधी १२.५ आणि मग १५ अब्ज, आणि तिथेच थांबली. वार्षिक निव्वळ वाढीवर आधी दोन वेगळे बंध होते: भांडवली कामांसाठी २ अब्ज आणि चालू खर्चासाठी १ अब्ज. डिसेंबर २००६ च्या पोस्टल अकाउंटेबिलिटी अँड एन्हान्समेंट अ‍ॅक्टने दोन्ही मिळून एकच ३ अब्जांचा बंध केला. हा बदल बाहेर फारसा चर्चिला गेला नाही, पण माझ्या मते तो कळीचा होता. भांडवली आणि चालू ही भिंत असेपर्यंत इमारती आणि यंत्रांच्या नावाने काढलेले कर्ज पगारात जिरवणे अवघड होते. भिंत गेल्यावर ते सोपे झाले, आणि पुढच्या सहा वर्षांत झालेही तसेच.

आर्थिक वर्षाअखेरचे आकडे ओळीने ठेवून पाहा. २००५ मध्ये कर्ज शून्य. हे शून्यही समजून घेण्यासारखे आहे: २००१-०२ मध्ये कर्ज ११ अब्जांच्या पुढे होते, पण एप्रिल २००३ च्या कायद्याने जुन्या निवृत्तिवेतन योजनेपोटीचे हप्ते घटवले आणि वाचलेल्या पैशातून कर्ज फेडायला सांगितले. मग २००६ मध्ये २.१ अब्ज, २००७ मध्ये ४.२, २००८ मध्ये ७.२, २००९ मध्ये १०.२, २०१० मध्ये १२, २०११ मध्ये १३ आणि २०१२ मध्ये १५. सलग दोन वर्षे वाढ नेमकी ३ अब्जांची आहे. व्यवसायाची नैसर्गिक गरज इतकी गोल नसते. ती कायद्याच्या भिंतीला टेकलेली गरज आहे. पुढेही तीच खूण दिसते: २०१९ मध्ये ११, २०२० मध्ये १४, २०२२ मध्ये १०, २०२३ मध्ये १३. जिथे जिथे अचूक ३ चा फरक दिसेल, तिथे संस्थेने मिळेल तेवढे उचलले असे खुशाल समजावे.

पैसा गेला कुठे? पत्रांची संख्या घटली हे खरे, २००८ नंतरची मंदीही खरी. पण २००६ च्या कायद्याने निवृत्तांच्या आरोग्यविम्यासाठी दहा वर्षे, दर वर्षी साडेपाच अब्जांच्या आसपास रक्कम आधीच बाजूला काढायला लावली होती. २००७ ते २०१० या चार वर्षांत, जुना राखीव पैसा धरून, सुमारे २१ अब्ज डॉलर त्या निधीत गेले. त्याच काळात कर्ज २.१ वरून १२ अब्जांवर आले. आता पैशाचा प्रवास पाहा: ट्रेझरीकडून फेडरल फायनान्सिंग बँकेकडे, तिथून टपालसेवेकडे, तिथून संघीय सरकारच्या कर्मचारी विभागाकडच्या निवृत्तांच्या आरोग्यनिधीत, आणि तो निधी गुंतवला जातो ट्रेझरीच्याच खास रोख्यांत. पैसा ट्रेझरीतून निघाला आणि ट्रेझरीत पोहोचला. सरकारबाहेर गेलाच नाही. मागे राहिले ते टपालसेवेच्या माथ्यावरचे व्याज आणि १५ अब्जांतली खर्ची पडलेली जागा. पैसा परत आला, जागा परत आली नाही. ज्या कर्जमर्यादेतून गाड्या आणि वर्गीकरण यंत्रे घ्यायची, ती अशा गोल फिरणाऱ्या रकमेत संपली, याचे मला खरोखर वाईट वाटते.

सप्टेंबर २०१२ मध्ये मर्यादा पूर्ण भरली. त्या वर्षीचा तोटा १५.९ अब्ज डॉलर होता. मग काय झाले? टपाल थांबले नाही, पगार थांबला नाही, आणि ट्रेझरीचे व्याजही थांबले नाही. थांबले ते आरोग्यनिधीचे हप्ते: आधी ऑगस्टमधला, मग सप्टेंबरमधला, आणि पुढे दर वर्षीचा. घेणेकऱ्यांचा क्रम यातून स्पष्ट दिसतो. कर्मचारी आणि पुरवठादार आधी, कर्ज आणि व्याज त्याबरोबर, आणि ज्यांच्या थकबाकीने उद्या सकाळी काहीच बंद पडत नाही असे सरकारी निधी सगळ्यात शेवटी. अलीकडच्या वर्षांत निवृत्तिवेतनाच्या जुन्या तुटीपोटीचे हप्ते असेच मागे पडले आहेत. म्हणून १५ अब्जांचा आकडा स्थिर दिसला म्हणजे देणी स्थिर आहेत असे मानू नका. भांडे भरल्यावर पाणी बाजूने वाहते, आणि ते ट्रेझरीच्या कर्जाच्या ओळीत दिसत नाही.

फेड करण्यातही एक अडचण आहे आणि ती बाहेरच्यांना विचित्र वाटते. हातात पैसा असताना टपालसेवा कर्ज का फेडून टाकत नाही? कारण एकाच वर्षात फेडून पुन्हा उचलले तर निव्वळ वाढीत काही धरले जात नाही, पण वर्षाअखेरीस कर्ज कमी दाखवले तर पुढच्या वर्षी त्यावर ३ अब्जांहून जास्त चढता येत नाही. आज ५ अब्ज फेडा, पुढच्या वर्षी अडचण आली तर ३ च परत मिळतील. म्हणजे फेडीमुळे २ अब्जांची सोय वर्षभरासाठी हातची जाते. त्यामुळे एकीकडे अब्जावधींची रोकड आणि दुसरीकडे अब्जावधींचे कर्ज, असा ताळेबंद वर्षानुवर्षे दिसतो. तो निष्काळजीपणा नाही. अष्टमांश टक्क्यात विकत घेतलेला विमा आहे.

मुदतीच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीची किंमतही असते. समजा १ अब्ज डॉलरचे, ५ टक्के स्थिर दराचे कर्ज आहे, मुद्दल शेवटी एकदम, व्याज सहामाही, आणि १० वर्षे शिल्लक. बाजारातला दर ३ टक्क्यांवर आला. आता ते आधी फेडायचे तर ठरलेल्या दराने उरलेल्या हप्त्यांचे आजचे मूल्य मोजावे लागते: दर सहामाहीला १ कोटीचा फरक, २० हप्ते, सहामाही दीड टक्क्याने आजच्या किमतीत आणले की होतात सुमारे १७ कोटी १७ लाख. म्हणजे १ अब्जाचे कर्ज मिटवायला १ अब्ज १७ कोटी लागले. दर उलट ७ टक्क्यांवर गेला असता तर तेच कर्ज सुमारे १४ कोटी २१ लाखांनी स्वस्तात मिटले असते. दर उतरला म्हणून जुने कर्ज फेडून नवे घेतले तर फायदा होतोच, हा समज इथे चालत नाही. कर्ज देणाऱ्याचे नुकसान आधीच वसूल होते. तशी सवलत हवी असेल तर ती कर्ज घेतानाच करारात मागावी लागते आणि तिचा दर वेगळा पडतो.

२०१२ नंतरची काही वर्षे अल्पमुदतीचा दर शून्याजवळ होता, म्हणून कर्जाचा मोठा भाग वर्षभराच्या आत फिरणारा ठेवणे सोयीचे होते. अल्पमुदतीचे कर्ज म्हणजे दर नूतनीकरणाला नवा दर. २०२२ पासून दर चढू लागले तेव्हा हाच सोयीस्कर भाग महाग झाला. १५ अब्जांवर दर १ टक्क्याने वाढला तर वर्षाला १५ कोटी डॉलरचा फरक. तोट्याच्या मानाने तो अजूनही लहानच, पण मुदत न बांधण्याची किंमत ती हीच.

आता २०२० ची गोष्ट, कारण अनुदानाचा गोंधळ मुख्यतः तिथून आला आहे. महामारीच्या काळात, मार्च २०२० च्या केअर्स अ‍ॅक्टने टपालसेवेला ट्रेझरीकडून आणखी १० अब्ज डॉलर उसने घेण्याची मुभा दिली. हे नेहमीच्या १५ अब्जांपेक्षा वेगळे खाते होते. अटी दोघांनी मिळून ठरवायच्या होत्या. जुलैअखेर त्यावर तत्त्वतः एकमत झाले, आणि मोठ्या ग्राहकांशी असलेल्या दहा सर्वांत मोठ्या करारांच्या प्रती ट्रेझरीला द्याव्यात अशी एक अट त्यात होती. ज्यांना ट्रेझरी केवळ सावकार वाटते त्यांनी ही अट लक्षात ठेवावी: पैसे देणारा माहिती मागतो, आणि माहिती आली की दरांबद्दल मतही येते. मात्र डिसेंबर २०२० च्या कायद्याने ते १० अब्ज परत करण्याची गरजच काढून टाकली. तिथे कर्जाचे अनुदान झाले, हे निःसंशय. पण ते काँग्रेसने कायदा करून केले. ट्रेझरीने वहीत खाडाखोड करून नव्हे.

तसाच दुसरा गोंधळ एप्रिल २०२२ च्या पोस्टल सर्व्हिस रिफॉर्म अ‍ॅक्टचा. त्यात ५७ अब्ज डॉलर माफ झाले हे बरोबर. पण ती आरोग्यनिधीच्या हप्त्यांची थकबाकी होती. फेडरल फायनान्सिंग बँकेचे कर्ज त्या कायद्याने एका डॉलरनेही कमी झाले नाही. ५७ अब्ज कधी भरलेच गेले नव्हते, त्यामुळे माफीने टपालसेवेच्या खात्यात रोख काहीच आले नाही; ताळेबंद मात्र उजळला.

हे कर्ज राष्ट्रीय कर्जात मोजले जाते का? थेट नाही. टपालसेवेचे रोखे फेडरल फायनान्सिंग बँकेकडे पडून असतात आणि सरकारच्या एकत्रित हिशेबात ही एका खिशाची दुसऱ्या खिशाला दिलेली चिठ्ठी म्हणून वजा होते. मोजले जाते ते ट्रेझरीने त्यासाठी बाजारातून घेतलेले कर्ज, आणि काँग्रेसची प्रसिद्ध कर्जमर्यादा त्यालाच लागू होते. टपालसेवेचा फंड १९८९ च्या कायद्यापासून अंदाजपत्रकाबाहेर दाखवला जातो, पण 'बाहेर' हा मांडणीचा शब्द आहे. एकत्रित तुटीत त्याची रोकड येतेच. आणखी एक खबरदारी: फेडरल फायनान्सिंग बँकेला स्वतःचे १५ अब्जांपर्यंतचे रोखे काढता येतात आणि ते राष्ट्रीय कर्जमर्यादेत धरले जात नाहीत. हे १५ आणि टपालसेवेचे १५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. आकडा सारखा असल्याने लेखांमध्ये सर्रास घोटाळा होतो.

फेडलेच नाही तर? टपालसेवेसाठी दिवाळखोरीची प्रक्रिया कायद्यात नाही. कर्ज देणारा सरकार, घेणारा सरकार. जप्ती आणून करणार काय? व्यवहारात ट्रेझरी मुदत संपलेले रोखे नव्या रोख्यांनी बदलत राहील, आणि करार नव्याने करताना अटी घट्ट करेल. खरा दाब तिथून येतो.

स्वतः पडताळायचे असेल तर टपालसेवेचा वार्षिक अहवाल उघडा. २००६ च्या कायद्यापासून ती शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या टेन-के या वार्षिक अहवालाच्या नमुन्यासारखा अहवाल तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पोस्टल रेग्युलेटरी कमिशनकडे देते. त्यात कर्जाची टीप आणि रोकडतेचा भाग शेजारी ठेवून वाचा. ३० सप्टेंबरचा आकडा एकटा घेऊ नका. वर्षभरातली सरासरी वेगळी असू शकते. एका वर्षाच्या आत परत करायचे किती, ते पाहा. मग न भरलेली निवृत्तिवेतनाची देणी मिळवा, आणि हातातली रोकड वजा करा. सप्टेंबर २०२४ अखेर कर्ज पुन्हा १५ अब्जांवर होते, म्हणजे उचलायला काही उरले नव्हते. तीस वर्षांपूर्वी ठरलेला आकडा तोच आहे, डॉलरची किंमत मात्र त्या वेळची राहिलेली नाही. अशा स्थितीत नव्या वितरण गाड्यांचा पैसा एक तर साठवलेल्या रोकडीतून येणार, किंवा टपालदरातून, किंवा कोणाचा तरी हप्ता मागे ठेवून.